काठोकाठ भरलेली पिशवी आणि दोन तासांची थेंबथेंब

‘शो बेट्टा सांभाळण्याच्या पाच सोप्या युक्त्या’ हा फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. शो बेट्टा म्हणजे प्रदर्शनासाठी वाढवलेला लांब शेपटीचा लढाऊ मासा. आजवर कानाडोळा केला. पण आता तो भाच्याकडे पोचलाय, आणि त्याचे दोन हाफमून (अर्धचंद्रासारखी शेपटी फुलवणारे) नर परवा प्रवासाला निघायचे आहेत. म्हणून फॉरवर्डमधला क्रम मोडून जिथे मासा हमखास मरतो तिथूनच सुरुवात.

‘पाठवताना पिशवी काठोकाठ पाण्याने भरा म्हणजे माशाला फिरायला जागा मिळते, आणि निघण्याआधी पोटभर खाऊ घाला.’ हे लिहिणाऱ्याने बेट्टा कधी नीट पाहिला तरी असेल का? या माशाला कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा घडीदार अवयव असतो. वर येऊन हवेचा घोट घेतल्याशिवाय त्याचं भागत नाही. पिशवीत हवाच ठेवली नाही तर मासा पाण्यात गुदमरतो. २५ अंशांना एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, एक लिटर हवेत सुमारे २७०. जागा हवेला द्यायची, पाण्याला नाही.

मोठ्या नराला १०० ते १५० मिलिलिटर स्वच्छ, क्लोरीन काढलेलं पाणी पुरे. उंच, अरुंद पिशवीचा एक तृतीयांश भाग भरेल इतकंच. उरलेली हवा. एका पिशवीत एकच मासा. ही पिशवी दुसरीत उलटी घालायची आणि कोपरे दुमडून चिकटपट्टी मारायची, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकून चेपतो. दोन नरांच्या पिशव्यांमध्ये कागद हवाच. एकमेकांना पाहून वाटभर फुलत, म्हणजे कल्ले-पर पसरून धमकावत राहिले तर पोचेपर्यंत शेपटीच्या चिंध्या. खाणं निघण्याआधी २४ ते ४८ तास बंद. धडधाकट मोठ्या माशाला याने काही होत नाही, पण पोटात गेलेलं सगळं पिशवीत अमोनिया होऊन बाहेर येतं. थंडीत थर्माकोलच्या खोक्याच्या झाकणाला आतून हीट पॅक, कागदात गुंडाळून, पिशवीला न टेकवता. तो लोखंडाच्या भुकटीवर चालतो आणि त्याला हवा लागते. खोकं पूर्ण सीलबंद केलंत तर पॅक गार पडतो. झाकणाला एक-दोन बारीक भोकं ठेवा.

आता दुसरं टोक. ‘मासा पोचला की पिशवी उघडून दोन तास थेंबथेंब पाणी सोडा, त्याला धक्का बसत नाही.’ हा सल्ला शहाणपणाचा वाटतो म्हणूनच जास्त वाईट. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला हळूहळू सरावू देणं ठीक, एवढं मान्य. पण दोन दिवस बंद राहिलेल्या पिशवीची गोष्ट वेगळी. तिथे माशाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतेक अमोनियम या सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वर नळाच्या पाण्याचे थेंब पडतात, पीएच चढतो आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. इमर्सन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेलं गणित मत्स्यशास्त्रात आजही वापरतात. त्यानुसार २५ अंशांना पीएच ६.५ असेल तर एकूण अमोनियाचा ०.२ टक्क्यांहून कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला ५ टक्क्यांच्या वर. म्हणजे सुमारे तीसपट, आणि मासा दोन तास त्यातच.

करायचं ते इतकंच: बंद पिशवी मंद उजेडात १५-२० मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग उघडा, मासा हलक्या हाताने कपात घ्या, तयार ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. त्या दिवशी खायला काही नाही.

‘दिवसभर आरसा लावा, शेपटी मोठी होते.’ हाफमूनची १८० अंशांची शेपटी रक्तातून येते. आरसा फुलायला शिकवतो, हे खरं. प्रदर्शनात न फुलणारा नर मागे पडतो. पण त्याला दोन-तीन मिनिटं, दिवसातून एक-दोनदा पुरतात. शेजारशेजारच्या नरांच्या जारांमध्ये आडोशाला लावलेले पुठ्ठे तेवढा वेळ काढले तरी काम होतं. दिवसभर आरसा ठेवलात तर एक तर मासा थकून स्वतःचीच शेपटी चावतो, नाहीतर सरावतो आणि फुलणंच सोडतो.

‘डबक्यातला मासा आहे, वाटीत राहतो.’ ब्रीडर नर वेगवेगळ्या जारमध्ये वाढवतात, हे नाकारत नाही. मात्र त्या जारचं पाणी रोज किंवा दिवसाआड बदललेलं असतं आणि २६ ते २८ अंशांवर राखलेलं असतं. हे वाक्य फॉरवर्डमधून गळलंय.

राहिलं ‘पिल्लं आई सांभाळते’. आई अंडी खाते. अंडी घालून झाली की मादी लगेच बाहेर. बुडबुड्यांचं घरटं नर राखतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी आडवी पोहू लागली की नरही बाहेर. पिल्लांना आधी इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा मायक्रोवर्म (बारीक कृमी), मग ताजी फुटलेली आर्टेमिया (इवले खाऱ्या पाण्यातले झिंगे). अंड्याचा बलक नको, पाणी नासतं. झाकण मात्र घट्ट ठेवा: लॅबिरिंथ तयार होण्याच्या त्या तीन-चार आठवड्यांत पाण्यावरची हवा गार, कोरडी झाली की पिल्लं पटापट मरतात.