शांतारामबापूंचा मूकपट काळ

दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्यावरच्या एका लेखात शांतारामबापूंची कारकीर्द थेट ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटापासून (1932) धरली आहे. त्याआधीची मूकपटांची वर्षं गेली कुठे? 1925 च्या ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी तेच. ‘नेताजी पालकर’चं (1927) दिग्दर्शन त्यांचं. 1929 ला कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्याबरोबर प्रभात फिल्म कंपनी काढली, तीही मूकपटांवरच. ‘उदयकाल’मध्ये दिग्दर्शन करून शिवाजी महाराजही त्यांनीच साकारले, मूळ नावात ‘स्वराज्य’ होतं, ते सेन्सॉरला खुपलं. पुण्यात प्रभात आली 1933 ला, म्हणजे बोलपट सुरू झाल्यावर.

दुसरं, त्याच लेखातलं ‘मूकपटात माणसं तुरुतुरु चालायची’ हे वाक्य. दोष नटांचा नाही हो, प्रोजेक्टरचा! 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम). सेकंदाला 16 चौकटींनी चालवलं तर हजार फुटांचं रीळ पावणेसतरा मिनिटं चालतं. बोलपटाच्या 24 च्या वेगाने तेच अकरा मिनिटांत संपतं, म्हणून माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. त्यात प्रोजेक्टरला बोलपटाची खिडकी (चित्राचा किती भाग पडद्यावर जाईल ते ठरवणारी चौकट) लावली की डावी कड कापली जाते, कारण बोलपटात तिथे ध्वनिपट्टी असते. कडेला उभा असलेला नट अर्धाच दिसतो. चित्रण करताना कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, त्यामुळे वेग प्रसंगागणिक बदलायचा. एकच आकडा धरून चालत नाही, पडद्यावरच्या माणसांची चाल बघूनच वेग ठरवावा लागतो.