नव्वद टक्के कव्हरेज आणि टेस्टरची सुट्टी

‘टेस्टिंग ऑटोमेट करा, सहा महिन्यांत मॅन्युअल टेस्टरची (हाताने तपासणाऱ्या माणसाची) गरज उरणार नाही, कोड कव्हरेज ९०% वर नेले की प्रॉडक्शनमध्ये (ग्राहकांच्या प्रत्यक्ष वापरात) बग येणार नाहीत,’ अशा आशयाचा सल्ला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या व्यवस्थापकांमध्ये बराच फिरतो. ऑटोमेशन, म्हणजे चाचण्या संगणकाकडून आपोआप चालवून घेणे, आणावे याबद्दल माझे दुमत नाही. परंतु या सल्ल्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

आधी कव्हरेज. चाचणीदरम्यान कोडच्या किती ओळी चालल्या एवढेच हा आकडा सांगतो. त्या ओळींनी दिलेले उत्तर कोणी पडताळले का, हे सांगत नाही. काहीच न पडताळणारी चाचणीही आकडा वाढवते, आणि आकडा वरून लादला की अशाच चाचण्या लिहिल्या जातात. ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे आणि त्याच्या गाभ्याचे ब्रँच कव्हरेज (कोडमधील प्रत्येक फाटा दोन्ही बाजूंनी चालल्याचे प्रमाण) १००% आहे. पण त्या मोजणीत न धरलेल्या शोध-विस्तारात (एफटीएस३) डिसेंबर २०१८ मध्ये टेन्सेन्ट या चिनी कंपनीच्या संशोधकांनी ‘मॅजेलन’ या गंभीर त्रुटी उघड केल्या. एवढा पसारा असूनही एसक्यूलाइट बनवणारे लोक प्रत्येक रिलीजपूर्वीची तपासयादी मुद्दाम माणसांकडून पूर्ण करून घेतात, कारण चाचणी पास झालेली असतानाही ती चालवणाऱ्याला कधीकधी काहीतरी खटकते.

टेस्टर अनावश्यक ठरतो, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. तिथे ऑटोमेटेड चाचण्या नव्हत्या असे नाही. अपडेटच्या माहितीच्या साच्यात २१ रकाने होते, प्रत्यक्ष प्रोग्राम २० च मूल्ये पुरवत होता, आणि चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असा निकष ठेवलेला असल्यामुळे ही तफावत दिसलीच नाही. त्यातच अपडेट तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमध्येही दोष होता. लिहिणाऱ्याला जे सुचले तेवढेच स्वयंचलित चाचणी तपासते. ‘इथे खरे मूल्य आले तर?’ असा आडवा प्रश्न विचारणे हेच टेस्टरचे कौशल्य, आणि ज्याला आपण कामावरून काढायला निघालो आहोत तो नेमका हाच माणूस.

राहिली सहा महिन्यांची मुदत. स्क्रीनवरून क्लिक करणाऱ्या चाचण्या बटणाची जागा बदलली तरी मोडू शकतात. शिवाय कोड तोच असताना कधी पास, कधी फेल होणाऱ्या ‘फ्लेकी’ चाचण्या असतात. गूगलसारख्या कंपनीनेही २०१६ मध्ये आपल्या सुमारे १६% चाचण्यांत हा दोष असल्याचे सांगितले होते. लाल दिव्याकडे, म्हणजे चाचणी फेल झाल्याच्या इशाऱ्याकडे, दुर्लक्ष करण्याची टीमला सवय लागली की खरा बगही त्यात सहज निसटतो. त्यामुळे चाचण्यांच्या देखभालीचा खर्च दरवर्षीच्या बजेटमध्ये धरावा लागतो. सुरुवात करायचीच असेल तर पैशांचे हिशेब करणाऱ्या आणि वारंवार बदलणाऱ्या कोडपासून, स्क्रीनच्या खालच्या थरात (क्लिक न करता थेट कोड तपासून) करावी, आणि प्रॉडक्शनमध्ये सापडलेला प्रत्येक बग दुरुस्त करण्याआधी तो पकडणारी चाचणी लिहावी.