चाळीसची खडी

आमचे बाबा बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मुख्यतः एकच काम केलं, खडीचे रस्ते डांबरी केले. आणि त्यांच्याच पोटी जन्म घेऊन मी बेचाळिसाव्या वर्षी ग्रॅव्हल बाइक विकत घेतली.

"ग्रॅव्हल म्हणजे काय रे?" बाबांनी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही, माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"खडी."

"म्हणजे खडीवर चालवायची सायकल."

"डांबरीवर पण चालते. पण मजा खडीवर."

बाबांनी चष्मा काढून पुसला. उठून सायकलीपाशी गेले. मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल न्याहाळलं, टायरवर अंगठा दाबला आणि कडेला छापलेला आकडा वाचला. "चाळीस एमएम. आम्ही रस्त्यावर टाकायचो ती खडीही चाळीसचीच. जपून जा. दोघं बरोबरीचे आहेत."

पुढचे पंधरा दिवस मी सायकल चालवलीच नाही. रात्र रात्र मोबाइलवर नकाशे बघत होतो. डांबरी रस्ते तिथे जाड, रंगीत असतात. ग्रॅव्हलवाल्यांचं लक्ष असतं ते बारीक, तुटक रेघेवर. अशी एक रेघ मला कऱ्हेच्या खोऱ्यात सापडली. कऱ्हा गराड्याच्या बाजूला उगम पावते, सासवडला संगमेश्वराच्या देवळापाशी चांबळीकडून येणारी नदी तिला मिळते, मग जेजुरीजवळ नाझऱ्याचं धरण, पुढे मोरगाव, बारामती, आणि शेवटी ती नीरेत जाते. उन्हाळ्यात हिला नदी म्हणायला श्रद्धा लागते. पण भादवा संपता संपता हे खोरं असं दिसतं की ज्याचं नाव ते! हिरवे माळ, उतारावर सीताफळाच्या बागा, मागे पुरंदरचा किल्ला. माउलींची पालखी सासवडहून जेजुरीला जाते ती डांबरीने, सोळा-सतरा किलोमीटर. माझ्या तुटक रेघेने चोवीस होत होते. लाखो वारकऱ्यांना जे सुचलं नाही ते मला सुचलं होतं.

बोपदेव घाटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चढ आहे, दम लागतो, वर कणीस मिळतं. सासवडला मिसळ खाल्ली आणि नदीच्या अंगाने पाणंदीला लागलो. पहिले दोन किलोमीटर मुरूम होता. लाल, दबलेला, रात्रीच्या पावसाने नुकता बसलेला. त्यावरून टायर जाताना निखाऱ्यावर पापड भाजल्यासारखा बारीक कुरकुर आवाज येतो. तो आवाज ऐकला आणि सायकलीचे पैसे वसूल झाले असं वाटलं.

मग खडी लागली. पसरून झाली होती, रोलर यायचा होता. चाळीसची होती की नाही ते मोजलं नाही, पण बाबा म्हणाले तशी बरोबरीची निघाली. हँडल एकीकडे, मी दुसरीकडे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि पोटातली मिसळ नव्याने मिसळली गेली.

पुढे रेघ सरळ बाजरीत शिरत होती. उभी, कणसं भरलेली, माझ्या खांद्याला लागणारी बाजरी. (गावाचं नाव सांगत नाही, दावा चालू आहे.) मी उतरलो, हेल्मेट तसंच डोक्यावर ठेवून मोबाइल हँडलवरून काढला, चारी दिशांना फिरवून बघू लागलो. पुरंदर तालुक्यात हे असं करायचं नसतं. तिथे विमानतळासाठी सात गावांच्या जमिनी जायचं घाटत आहे, आणि नकाशा घेऊन बांधावर उभा असलेला अनोळखी माणूस कुणालाही गोड वाटत नाही.

"विमानतळाचं का?" मागून आवाज आला. धोतर, पांढरी टोपी, हातात खुरपं.

"नाही हो. सायकल चालवतोय."

"मग मोजणीचं?"

"नाही, नाही. इथून रस्ता आहे असं नकाशात दिसतंय, म्हणून..."

तात्यांनी खुरपं खाली ठेवलं. "पुन्यांदा म्हना."

"रस्ता दिसतोय."

त्यांनी मोबाइल हातात घेतला, उन्हाकडे पाठ केली. बाजरीच्या मधोमध तुटक रेघ, रेघेवर निळा ठिपका.

"ह्यो ठिपका कोन?"

"मी."

"म्हंजे तुमी रस्त्यावर हाय."

"नकाशाप्रमाणे, हो."

"आन् खरं?"

"बाजरीत."

"त्येच! त्येच मी अकरा वर्सं तहसीलदाराला सांगतोय!"

बाजरी त्यांच्या चुलतभावाची होती. खाली वाट होती, ती नांगरून टाकली, असं तात्यांचं म्हणणं. अडवलेली वाट तहसीलदाराकडून मोकळी करून घ्यायचं मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम पाच त्यांना हरिपाठासारखं पाठ होतं. तो कायदा १९०६ सालचा, म्हणजे माझ्या छंदापेक्षा हे भांडण बरंच जुनं. "गावनकाशात एक तुटक रेघ म्हंजे पायवाट, सव्वाआठ फूट," ते म्हणाले. "दोन तुटक म्हंजे गाडीवाट. साडेसोळा ते एकवीस फूट. तुमच्यात किती हायेत?"

मी सांगायचा प्रयत्न केला की या रेघा कुणीतरी हौसेने, घरी बसून, उपग्रहाच्या फोटोवरून ओढलेल्या असतात. त्यांना काही किंमत नाही. तात्यांनी त्यातला 'उपग्रह' तेवढा घेतला. "वरनं दिसतंय म्हंजे दिसतंय. आता कुनाचा बाप नाय म्हनंल?"

एवढ्यात बाजरी हलली आणि तिच्यातून अण्णा निघाले. हेच ते चुलतभाऊ. त्यांनीही मोबाइल मागितला. रेघ आहे हे त्यांना मान्य होतं, पण ती बांधाच्या पलीकडून, तात्यांच्या वावरातून जाते असं त्यांचं मत पडलं. मग वरात निघाली. पुढे मोबाइल धरून तात्या, त्यांच्या खांद्यावरून डोकावत अण्णा, मागे कासरा धरल्यासारखी सायकल धरून मी. निळा ठिपका पाच-सात फूट इकडेतिकडे सरकायचा, की दोघांपैकी एकजण "बघा!" म्हणून ओरडायचा.

बांध सराट्याने भरला होता हे मला चाक बघितल्यावर कळलं. माझं टायर ट्यूबलेस, आत पातळ पांढरं द्रव असतं, भोक पडलं की ते बाहेर येऊन तिथेच गोठतं. पंधरा-वीस सराटे रुतले होते आणि प्रत्येकाच्या बुडाशी दुधाचा टपोरा थेंब धरला होता.

"रुईचा चीक हाय का ह्यो?" अण्णांनी बोटाने चाचपलं.

"अरं, सायकल पान्हावली!" तात्या म्हणाले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा (हे मला नंतर कळलं) दोघं एकाच गोष्टीला हसले. मग मांडी घालून बसले आणि वासराच्या गोचिड्या काढाव्यात तसे नखाने एकेक सराटा उपटू लागले. थेंब फुगायचा, थांबायचा, सुकायचा. दोघांनाही त्याचा नाद लागला. टायरच्या कडेत, साईडवॉलमध्ये, बाभळीचा एक लांब काटा होता. "तो नका काढू," मी म्हणेपर्यंत तात्यांनी काढला होता. फस्सकन चीक उडाला तो थेट त्यांच्या धोतरावर. टायर बसलं. माझ्या पिशवीत ट्यूब होती, पण ती लेकीच्या वीस इंची सायकलीची निघाली.

शेवटी अण्णांच्या टेम्पोत, सीताफळाच्या क्रेटांवर सायकल आडवी टाकून मी सासवडला परत आलो. टेम्पो बाहेर काढला तो तात्यांच्या वावरातून. त्या वाटेचा दावा वेगळा आहे म्हणे.

रात्री जेवताना फोन वाजला. नंबर मीच दिला होता. "सायेब, सोमवारी तारीख हाय. तेवढी रेघ घिऊन या."

मी सोमवारी कामावर असतो. बाबा नसतात. त्यांनी सगळी हकिकत दोनदा ऐकली, साडेसोळा फूट हा आकडा कागदावर लिहिला, त्याचे मीटर केले. "पाच मीटर मिळतात," ते म्हणाले. "पावणेचारचं खडीकरण बसतं, दोन्ही बाजूंना साइडपट्टी. मुरूम कसा होता म्हणालास? लाल?"

"लाल. एकदम छान. त्याचा आवाज तर..."

"मग बेस चांगला आहे," बाबा म्हणाले. माळ्यावरून त्यांनी तीस मीटरची फीत काढली आणि फडक्याने पुसायला घेतली. "डांबर मस्त बसेल."