मोरपिशी की चिंतामणी?

घरात माझ्याकडे एक बिनपगारी खातं आहे. एप्रिल लागला की सकाळी साडेसहाला, चहाच्याही आधी, उघडा डबा माझ्या नाकाखाली येतो. "अहो, पाहा बरं, वास लागतो का?" नागपूरचा उन्हाळा, पारा पंचेचाळिसाच्या आसपास, फ्रिज माझ्या लग्नातला, आणि लाइन जाते ती नेमकी रात्री. अशात रात्रीचं वरण सकाळी धड निघालं तर मीच दचकतो.

या खात्याची स्वतंत्र परिभाषा आहे. दूध नासतं, वरण आंबतं, भाजी विटते, तेल खवट होतं, लोणच्याला बुरा येतो. प्रत्येक शब्दाची शिक्षा वेगळी. 'जराशी उतरली' म्हणजे मी खायची. 'आंबूस झाली' म्हणजे वरून लसणाची फोडणी घालून मी खायची. चमचा वर उचलल्यावर तार सुटली, तरच फेकायची, तीही मला दुसऱ्यांदा हुंगायला लावून. निकाल बायको देते, जबाबदारी नाकाची असते.

मागच्या मे महिन्यात कूलरच्या तोंडाशी झोपलो आणि नाक ठार बंद झालं. कापूर हुंगला तरी पत्ता नाही. घराचा कारभार ठप्प. तीन डबे ओट्यावर रांगेत, आणि त्यांच्यासमोर मी, निलंबित अधिकाऱ्यासारखा.

मुलगी अकरावी सायन्सला. ती म्हणाली, "बाबा, नाकाचं काय घेऊन बसलात? आता पॅकेटवरची पट्टीच रंग बदलून सांगते, माल ताजा की शिळा." मासे, मटण सडू लागलं की त्यातून अमोनियासारखे वायू निघतात, ते पट्टीला लागले की तिचा रंग पालटतो. आमच्या किराणावाल्याकडे असलं काही माझ्या पाहण्यात नाही. पण घरी करता येतं म्हणे, जांभळ्या पत्ताकोबीपासून. तिच्यात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं: आंबटात गुलाबी, एरवी जांभळं, सोड्यासारख्या खारात निळं-हिरवं.

गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाल्याने विचारलं, "चायनीजचा ठेला टाकून राहिले का भाऊ?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर त्याने भाव वाढवला असता.

कोबी उकळली, घरभर वास सुटला म्हणे (मला काय कळणार), जांभळ्या पाण्यात टीपकागद बुडवून पंख्याखाली वाळवले. मग त्यांच्या पट्ट्या कापून, भाताच्या शिताने एकेक पट्टी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. शीत ही कल्पना माझी. तिची नोंद असू द्या.

पहिला मान कढीचा. डबा फ्रिजमध्ये सरकवताना कढी हिंदकळली, थेंब पट्टीवर, पट्टी क्षणात गुलाबी. बायको मोरीकडे निघालीच होती. मुलीने अडवलं, "अगं, कढी आंबटच असते ना! ताजी असली तरी गुलाबीच होणार." दुसरा डबा वरणाचा. तिथे पट्टी सुटून आत पडली आणि हळद पिऊन पिवळीधमक बाहेर आली. पिवळ्याचा अर्थ मुलीच्या वहीत नव्हता.

त्यात गोम आणखी वेगळीच. मटण सडलं की खाराकडे जातं, पट्टी निळी व्हायची. दूध नि वरण बिघडलं की आंबटाकडे जातं, पट्टी गुलाबी व्हायची. म्हणजे एका डब्याचा धोका तो दुसऱ्याचा नेहमीचा रंग. शिवाय आजार करणारे कितीतरी जंतू ना वास सोडतात ना रंग. एवढं ऐकल्यावर मला माझ्या नाकाचा जरा अभिमान वाटला. तेही एवढंच चुकत होतं, पण निदान वाळवावं लागत नव्हतं.

आई हे सगळं खुर्चीतून पाहत होती. आई निवृत्त नर्स. "रंगाचं काय कौतुक सांगून राहिले? हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होते, जन्मभर पाहून राहिली मी. आणि आमच्या पोलिओच्या कुपीवर खूण असायची. गोलात चौकोन. चौकोन फिकट आहे तोवर डोस द्यायचा. उन्हाने, दिवसांनी तो गडद होत जाते. गोलाइतका झाला की कुपी बाद." मग चष्मा पुसत म्हणाली, "बाद कधी करायचं हे आधी ठरलेलं होतं. तुमचं काय ठरलं?"

आमचं काहीच ठरलं नव्हतं. ते रविवारी रात्री कळलं.

रविवारी सावजी मटण. उरलेल्या मटणाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, शेवटची, जपून ठेवलेली पट्टी लागली. हा तिच्या हक्काचा पदार्थ. साडेअकराला लाइन गेली. बाराला आम्ही तिघं मोबाइलच्या उजेडात फ्रिजपुढे उकिडवे बसलो आणि झाकण उलटं केलं.

"निळी झाली," मी म्हणालो.

"निळी काय निळी? चिंतामणी आहे ती," बायको म्हणाली.

"मोरपिशी आहे. म्हणजे फेकायचं," मुलगी म्हणाली.

"मोरपिशी माझ्याकडे आहे, बारशातली. आणू का?" आणली. झाकणाशेजारी पदर धरला. बायकोला पट्टी त्याहून जांभळी दिसली, मुलीला हिरवी. मला दोन्ही निळ्या दिसत होत्या, पण सीताबर्डीच्या साडीच्या दुकानात ज्याने तीनदा मार खाल्ला आहे त्याने रंगावर बोलू नये. सातशे रुपये किलोच्या मटणाचा निकाल मोबाइलच्या उजेडात लावायचा नाही, सकाळी उन्हात पाहू, असं ठरलं. झाकण लावलं. जरा जोरातच लागलं.

सकाळी उठलो तर गंज घासून पालथा. पट्टी नाही, मटणही नाही. माझे बाबा, वय 78, ओसरीत पेपर वाचत होते.

"बाबा, रात्री मटण तुम्ही खाल्लं?"

"चारला जाग आली. लाइन नव्हती, अंधारातच खाल्लं पोळीसंगं."

"मग? कसं... कसं वाटून राहिलं तुम्हाला?"

बाबांनी पेपर खाली केला. "मटण एक नंबर. तेजपत्ता मात्र लय चिवट निघाला, बापा. चावून चावून शेवटी गिळला."