सुकाणू तयार आहे, होडी नंतर बघू

एखाद्या मुरलेल्या कंपनीला नवा धंदा काढायची हुक्की आली आणि त्यासाठी तुम्हाला प्रकल्प व्यवस्थापनाचे सल्लागार म्हणून बोलावलं, तर पहिलं पथ्य पाळा: ग्राहकाला भेटायचं नाही. भेटलात तर त्याला काय हवंय ते कळेल, आणि तुमचं काम सहा आठवड्यांत आटोपेल. मग पुढची बिलं कसली लावणार?

त्यापेक्षा आधी सुकाणू समिती, म्हणजे प्रकल्पाची दिशा ठरवणारं मंडळ, नेमा. विक्री, वित्त, विधी, आयटी, सगळ्यांचे प्रमुख घ्या. नवा धंदा ज्याचं गिऱ्हाईक पळवणार आहे, त्या विभागप्रमुखाला तर आग्रहाने बसवा. जोखमीच्या नोंदवहीत त्याच्याइतक्या मायेने भर घालणारा दुसरा कोणी मिळायचा नाही.

मग गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपणार ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता. हेन्री गँट यांनी शंभरेक वर्षांपूर्वी या आडव्या पट्ट्या रूढ केल्या त्या कारखान्यांसाठी. तिथे कुठल्या कामानंतर कुठलं काम, हे ठाऊक असायचं. नव्या धंद्यात नेमकं तेच शोधायचं असतं, पण म्हणून पट्ट्या काढायच्या नाहीत की काय? अठरा महिन्यांच्या काढा. ‘ग्राहकांची पसंती मिळवणे’ या पट्टीला 12 दिवस पुरेत.

वित्तवाले विचारतील, तिसऱ्या वर्षी उलाढाल किती? खरा आकडा सांगाल तर मूळ धंद्यापुढे तो चिल्लर दिसेल आणि प्रकल्प तिथेच गुंडाळला जाईल. तेव्हा आधी त्यांना शोभेलसा आकडा ठरवा, बाजारपेठ मागाहून मोजा.

खरेदी विभागाला मात्र कमी लेखू नका. एका कंपनीत मी असताना चमूला चाचणीसाठी दोन सुटे भाग हवे होते. बनवणारा एकटा माणूस, एका खोलीत. त्याला पुरवठादार नोंदणीचा अर्ज धाडला: तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, पर्यावरण धोरण, संचालक मंडळाची यादी. बिचाऱ्याने यादीत ‘मी’ असं लिहिलं. अर्ज परत आला, दुसऱ्या संचालकाची सही नाही म्हणून. दोन महिने गेले. आमच्या साप्ताहिक अहवालात हा विषय पिवळा, म्हणजे ‘जरा लक्ष द्या’, होता. लाल, म्हणजे ‘अडलंय’, करायला समितीची मंजुरी लागायची आणि समितीची तारीख मिळत नव्हती.

कोणीतरी आगाऊ माणूस आयबीएमचं नाव काढेल. त्यांनी पर्सनल कॉम्प्युटरचा चमू मुख्यालयापासून लांब, फ्लोरिडातल्या बोका रॅटनला बसवला; प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची अशी बाहेरून उचलली आणि वर्षभरात, ऑगस्ट 1981 मध्ये, यंत्र बाजारात आणलं. असली स्लाइड क्लायंटच्या नजरेला पडू देऊ नका. वर्षभरात आटोपलेल्या प्रकल्पावर सल्लागाराचं पोट भरत नाही.

तुमचं दैवत कोडॅक. तिथल्या स्टीव्ह सॅसन यांनी 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. त्याला फिल्म लागत नव्हती, आणि कंपनी जगत होती फिल्मवर. दिवाळखोरीचा अर्ज आला 2012 मध्ये. मधली 37 वर्षं! तेवढ्या आढावा बैठकांचं बिल मनातल्या मनात करून बघा.

चमूतली दोन-तीन हुशार पोरं एव्हाना राजीनामे देतील आणि बाहेर जाऊन तोच धंदा सुरू करतील. करू द्या. तुमच्या अहवालात ती ‘मनुष्यबळाची पुनर्रचना’ आणि त्यांचा धंदा ‘बाजारपेठेला मिळालेला दुजोरा’. प्रकल्प बंद करायचं ठरलं, तरी सामान आवरू नका. बंद करण्यालाही आराखडा लागतो, टप्पे लागतात आणि वेगळी सुकाणू समिती लागते. आमची मंगळवारी बसते.