आठ रात्री, नऊ दिवस आणि एक व्याख्यान

तुम्ही नुकतेच बर्लिन-प्राग-बुडापेस्ट करून आला असाल, नेलेल्या खाकऱ्यांचं शेवटचं पाकीट अजून बॅगेतच असेल, तर उशीर करू नका. सोसायटीचा हॉल धरा आणि 'साम्यवादानंतरचा पूर्व युरोप : एक चिंतन' या विषयावर बोलून टाका. आमच्याकडे गेल्या रविवारी एका काकांनी बोलून टाकलं. दीड तास, 112 स्लाइड. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. माझ्याकडे का, तर "तुम्ही तिकडे शिकायला होतात ना, तुम्हाला आवडेल." होतो खरा. 1989 ते 1995, मॉस्कोत, सहा हिवाळे.

तर इच्छुक वक्त्यांसाठी चार सूचना.

सुरुवात भिंतीच्या तुकड्याने करा. बर्लिनच्या दुकानात तो प्लास्टिकच्या डबीत, प्रमाणपत्रासकट मिळतो. श्रोत्यांतून फिरवा. 155 किलोमीटरची भिंत होती, तुकडे संपायची भीती नाही. आमच्याकडे फिरवलेल्या तुकड्याचा निळा रंग माझ्या अंगठ्याला लागला. 1989 साली पडलेल्या भिंतीचा रंग अजून वाळायचा होता, पण अशा शंका मनातच ठेवाव्यात.

कॉफीचा भाव रुपयांतच सांगा.

'ते सगळे पूर्वीचे कम्युनिस्ट देश' असं एका दमात म्हणा, फोड करत बसू नका. एकट्या सोव्हिएत संघाचे 15 देश झाले. त्यातल्या एस्टोनियाने 1994 मध्ये सगळ्यांना एकाच दराने आयकर लावला आणि पुढे कारभार संगणकावर नेला. तुर्कमेनिस्तानात राष्ट्राध्यक्षांनी जानेवारीला स्वतःचं आणि एप्रिलला आपल्या आईचं नाव दिलं. बेलारूसच्या गुप्तहेर खात्याचं नाव आजही सोव्हिएत काळातलंच, केजीबी आहे. पोलंडने 1 जानेवारी 1990 ला एका रात्रीत भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे केले, दोन वर्षं हाल काढले आणि तिसऱ्या वर्षी वर आला. पण त्याचं निम्मं सरकारी कर्ज युरोप-अमेरिकेने माफ केलं होतं, हे स्लाइडवर बसत नाही. एवढं सगळं सांगितलं तर चहा गार होतो. 'बाजार आला आणि चेहरे फुलले' एवढं पुरे. स्लाइडवर हसणारी वेट्रेस टाका.

आता मुख्य वाक्य. हे पाठच करा: "लोक आळशी झाले होते हो. मोकळीक मिळाली, ज्यांच्यात धमक होती ते वर गेले, बाकीचे रडत बसले." हॉल माना डोलावतो, मागून कोणीतरी "अगदी बरोबर" म्हणतं. मात्र हे वाक्य म्हणताना आमच्या वसतिगृहाच्या दारातली म्हातारी डोळ्यांसमोर येऊ देऊ नका.

काचेमागे स्टुलावर बसून ती किल्ल्या सांभाळायची. रात्री अकरानंतर आलं की बोलणी, मग चहा. कारखान्यात 30 वर्षं काढून निवृत्त झालेली. बचत बँकेत तिचे तीन हजारांच्या आसपास रूबल होते. 'ग्रोबोविये', म्हणजे शवपेटीचे पैसे. आपल्या मर्तिकाचा भार कोणावर पडू नये म्हणून रशियन म्हाताऱ्या हे पैसे वेगळे काढतात. आधी 1991 च्या जानेवारीत सरकारने रात्रीच्या बातम्यांत 50 आणि 100 च्या नोटा रद्द केल्या आणि बदलायला तीन दिवस दिले. (तुम्हाला काही आठवलं का? मलाही.) ती रांगेत उभी राहिली, त्यातून निभावली. मग 2 जानेवारी 1992 आला. भाव मोकळे. त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या घरात गेली. पासबुकात आकडा तोच होता, व्याजसुद्धा चढत होतं, पण शवपेटी सोडा, वर्षाअखेरीस त्यात धड बूट येईनात.

महिन्याभरात फर्मान निघालं की कोणीही कुठेही काहीही विकावं. मेट्रोच्या तोंडाशी बर्फात दुतर्फा माणसं उभी. एकेकाच्या हातात एकेक वस्तू. कोणाकडे मांजराचं पिल्लू, कोणाकडे उघडलेलं सिगारेटचं पाकीट. आमची म्हातारी इस्त्री धरून उभी होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. मी इस्त्री घेतली. माझ्याकडे इस्त्री होती.

तर ही आळशी बाई.

त्याच वर्षी तिला आणि तिच्यासारख्या 14 कोटींहून जास्त लोकांना एकेक व्हाउचर मिळालं. देशाच्या कारखान्यांतला तुमचा वाटा, दर्शनी किंमत 10,000 रूबल. खासगीकरणाचे मंत्री चुबाइस म्हणाले होते, एका व्हाउचरची किंमत दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल. बऱ्याच जणांनी ते व्होडकाच्या एक-दोन बाटल्यांवर देऊन टाकलं. आमची म्हातारी शहाणी. तिने ते गुंतवणूक फंडात ठेवलं, रीतसर पावती घेतली. वर्षभराने मला सोबत घेऊन फंडाच्या कचेरीत गेली तर तिथे फर्निचरचं दुकान. विक्रेत्याने पावती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "आजी, सोफा बघायचाय का?"

आणि ती धमकवाली मंडळी? मी परतलो त्या 1995 सालची गोष्ट. सरकारकडे पैसे नव्हते, म्हणून बँकांनी सरकारला कर्ज द्यायचं आणि तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे शेअर घ्यायचे असं ठरलं. कर्ज फिटणार नाही हे देणाऱ्यालाही ठाऊक, घेणाऱ्यालाही. नोरिल्स्क निकेल या निकेल काढणाऱ्या सरकारी कंपनीचे 38 टक्के शेअर निघाले. किमान बोली 17 कोटी डॉलर. लिलाव चालवायला पोतानिन नावाच्या बड्या बँकवाल्याची बँक, आणि लिलाव जिंकला कोणी? त्याच बँकेने, 17 कोटी 1 लाखाला. दुसऱ्या एकाने 35 कोटी 50 लाखांची बोली लावली होती, ती तांत्रिक कारणाने बाद. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या तळ्याचा लिलावसुद्धा यापेक्षा लाजून होतो! रशियन लोकांनी 'प्रिवातिझात्सिया' या शब्दातच 'हिसकावणं' घुसवून 'प्रिख्वातिझात्सिया' केलं. आपण खासगीकरण-उदारीकरण-जागतिकीकरणाचं 'खाउजा' केलं, तसंच. धमक कसली, किल्ली होती त्यांच्याकडे. कारखान्याचा संचालक आधी किल्ली सांभाळायचा, मग मालक झाला. आमची म्हातारीही किल्ल्याच सांभाळायची, पण त्या वसतिगृहाच्या खोल्यांच्या.

रशियन पुरुषाचं सरासरी आयुष्य 1990 मध्ये 64 च्या आसपास होतं, ते 1994 मध्ये 58 च्या खाली आलं. युद्ध नाही, साथ नाही. महिनोन् महिने पगार नाही, कुठे पगाराऐवजी कारखान्याचाच माल हातात, मग रेल्वे थांबली की प्रवाशांना काचेचे पेले विका आणि मिळेल ती दारू प्या. म्हातारीचा मुलगा त्याच उतारावर गेला. पंचेचाळीसचा होता. शवपेटी लागली ती त्याला.

आळशी!

(सूचनांवर येतो. माफ करा.)

अल्बेनियाला फाटा द्या. तिथे दामदुप्पटवाल्यांनी दोनतृतीयांश जनतेला गंडवलं, 1997 मध्ये लोकांनी शस्त्रागारं फोडली, 2,000 च्या आसपास माणसं मेली. सहलीत नाही तो देश.

प्रश्नोत्तरांना एक लाल काका उठतीलच, त्यांचीही तयारी ठेवा. आमच्याकडे उठले. लहानपणी व्हॅनवर घेतलेली गुळगुळीत कागदाची रशियन पुस्तकं, त्या पुस्तकांतली सफरचंदं, एवढ्या भांडवलावर त्यांनी सांगितलं की सगळं छान होतं, बाहेरच्यांनी मोडलं. त्यांना 'आवोस्का' दाखवायला हवी. ती जाळीची पिशवी, नावाचा अर्थ 'मिळालंच तर'. माणसं ती रोज खिशात घालून निघत. रांग दिसली की आधी तिच्यात उभं राहायचं आणि मग विचारायचं, "काय देतायत?" काय 'विकतायत' असं कोणी विचारत नसे. 1991 मध्ये मी साखरेची कुपनं घेऊन दोन तास उभा राहिलो आणि शेवटी मोहरीची बरणी घेऊन परतलो, कारण 'देत' तेवढंच होते. पण लाल काकांना हे सांगितलं की ते "व्यक्तिगत अनुभवाला मर्यादा असतात" म्हणतात.

गंमत म्हणजे व्याख्यानवाले काकाही हेच म्हणाले. आभार मानताना मी चाचरत म्हणालो की रशियात जरा वेगळं घडलं होतं. त्यांनी माइक घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कसं आहे, तुम्ही तिथे राहिलात ना, त्यामुळे तुम्हाला पूर्ण चित्र दिसत नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हातात भिंतीचा तुकडा होता तरी.

तेव्हा गप्प बसलो, आता बोलतो. काका, तुमची ती पतपेढी बुडाली त्या वर्षी तुम्ही तिच्या शटरसमोर तीन महिने रोज सकाळी उभे होतात. हातात पावत्यांची फाइल, डोक्याला माकडटोपी. काकू आमच्या घरी येऊन रडल्या होत्या. संचालकांनी भाच्या-पुतण्यांना कर्जं वाटली होती, तुमचा त्यात काडीचा दोष नव्हता. या सोसायटीत एकाने तरी तुम्हाला आळशी म्हटलं का? धमक कमी पडली म्हटलं का? नाही ना? मग जिची आयुष्याची पुंजी गेली त्या म्हातारीला तुम्ही बसच्या खिडकीतून आळशी कसं म्हणता? तेही ज्या देशात तुमची बस गेलीच नाही त्या देशातल्या! लाज वाटू द्या थोडी. फोटो दाखवायचे तर दाखवा, पुलावरचे छान आले आहेत. डोंबल चिंतन!

पुढच्या महिन्यात व्हिएतनाम-कंबोडिया आहे म्हणे. आभाराला दुसरा माणूस बघा, आणि खुर्च्या उचलायलाही.