त्या रकान्यात पेस्ट चालत नाही

रात्रीचे पावणेदोन. न्हावा शेव्यातल्या एका टर्मिनलच्या गेटवर आमचा ट्रेलर अडकलेला. वर चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, आत दिंडोरीची द्राक्षं, त्याला वीज देणारा जेनसेट घरघरतोय आणि डिझेल जळतंय. फोनवर ड्रायव्हरमामा सांगतायत, "ताई, गेटवरचा म्हणतो कंटेनर नंबर जुळत नाही. फॉर्म तेरा परत काढा. आणि लवकर करा, मागचे शिव्या घालतायत." शिव्या घालणारच. त्या लेनमधून ट्रेलर बाहेर काढायचा तर मागच्या सहा जणांना आधी मागे सरकावं लागतं. आणि फॉर्म तेराशिवाय, म्हणजे डबा टर्मिनलात न्यायच्या कागदाशिवाय, आत जाता येत नाही.

नंबर का जुळला नाही? आमच्या ऑफिसातल्या पोराने ६९ च्या जागी ९६ टाकलं होतं. तेवीस वर्षांचा पोरगा, सकाळी दहापासून बसलेला, त्या दिवशीचा सदतिसावा फॉर्म. नंबर आमच्या सिस्टिममध्ये अचूक आहे. शिपिंग लाइनच्या बुकिंगमध्ये अचूक आहे. शिपिंग बिलावर अचूक आहे. पण टर्मिनलच्या पोर्टलवर त्या रकान्यात पेस्ट चालत नाही. मुद्दाम बंद केलंय. माणसाने बघून बघून हाताने टाईप करायचं, खाली वाकडीतिकडी अक्षरं ओळखायची, मग ओटीपी यायची वाट बघायची. तो ओटीपी जातो शेठच्या फोनवर, आणि शेठ झोपलेले.

तळपायाची आग मस्तकात जाते ती पुढच्या गोष्टीने. कंटेनर नंबरचा शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो. आयएसओ ६३४६ हे त्याचं आंतरराष्ट्रीय मानक. आधीच्या चार अक्षरांना ठरलेल्या किमती, त्यांना आणि सहा आकड्यांना क्रमाने १, २, ४, ८ असे दुपटीने वाढत जाणारे भार, सगळ्याची बेरीज, ११ ने भागून उरेल ती बाकी, आणि बाकी १० आली तर शून्य. संपलं. शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर हे गणित जवळजवळ दर वेळी चूक पकडतं, कारण ते त्यासाठीच बांधलंय. दहा ओळींचा कोड आहे, कॉलेजातलं पोर तासाभरात लिहील. पोर्टलने ते गणित केलंच नाही. चुकीचा नंबर निमूट घेतला, हिरवी खूण दाखवली, पीडीएफ दिली. चूक कळली ती गेटवर, मध्यरात्री, चाळीस फुटी डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला.

कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी डबा आत घ्यायची शेवटची वेळ, गेला. डबा पुढच्या जहाजावर रोल झाला. आठवडा गेला द्राक्षांचा, आणि द्राक्षांच्या आयुष्यात आठवडा म्हणजे काय हे दिंडोरी-पिंपळगावच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा.

दुसऱ्या दिवशी सगळे त्या पोरावर घसरले. मी नाही घसरले. दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये आम्ही त्या पोराला वायरीसारखा जोडलाय. इकडच्या स्क्रीनवर वाच, तिकडच्या स्क्रीनवर टाईप कर. माणूस वायर म्हणून वापरला की तो चुकणारच.

मी या धंद्यात सॉफ्टवेअर बघते. आमची कंपनी छोटी, शंभरेक ट्रेलरवाल्यांचं आणि काही फॉरवर्डरांचं, म्हणजे मालकांसाठी मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्यांचं, काम आमच्या सिस्टिमवर चालतं. टर्मिनलांकडे आमचं मागणं किती असेल? एक उघडा, छापील, सगळ्यांसाठी सारखा एपीआय, म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला थेट माहिती विचारायचा ठरलेला रस्ता. माझा डबा तुमच्या यार्डात कुठे आहे, रीफरला वीज जोडली का, कट-ऑफ बदलला का, फॉर्म का नाकारला, गेटचा स्लॉट कधीचा. आणि आमच्याकडून फॉर्म तेराची माहिती थेट घ्या, चुकली तर तिथल्या तिथे नाकारा. मालाचा मालक आम्हाला पैसे देतो, आम्ही टर्मिनलचे पैसे भरतो, आणि आमच्याच डब्याची माहिती आम्हाला चोरासारखी काढावी लागते. होय, चोरासारखी. आमची एक स्क्रिप्ट रात्रभर पोर्टलची पानं वाचत बसते. तिकडे कोणीतरी एका टेबलातला रकाना डावीकडून उजवीकडे नेतं, कुणाला कळवायची पद्धत नाही, आणि सकाळी आमच्या शंभर गाड्या आंधळ्या.

रीतसर मागून झालंय. एका ठिकाणी उत्तर यायला चार महिने लागले. आधी गोपनीयतेचा करार, मग दरमहा फी, मग "फक्त आमच्या व्हेंडरमार्फत". सही केली, पैसे भरले. हातात आली एक वर्ड फाइल, तिच्यातला माहितीचा नमुना (एक्सएमएल) त्यांनीच ठरवलेल्या साच्यात बसत नाही. फोन केला तर म्हणाले, ते जुनं आहे, नवीन तयार होतंय. त्याला आता दीड वर्ष झालं.

दुसऱ्या ठिकाणी एडिफॅक्ट देतात, म्हणजे कॉम्प्युटरांनी एकमेकांना व्यापाराचे संदेश पाठवायची जुनी ठरलेली पद्धत. एडिफॅक्ट १९८७ पासूनचं आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. कोडेको, कोअरी, बॅपली या संदेशांवर जगातला कंटेनरचा व्यवहार कित्येक वर्षं चाललाय. पण त्यात वेळ पाठवताना बहुतेक जण २०३ हा कोड लावतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. टाइम झोन नाहीच. आता ही वेळ आपली की युटीसी (ग्रीनिचची), हे कुठेतरी लिहून द्या की! लिहिलेलं नव्हतं. आम्ही भारतीय वेळ धरली, ती निघाली युटीसी. साडेपाच तासांचा घोळ. तीन दिवस आमच्या नोंदीत डबे गेटवर पोहोचायच्या आधीच आत गेलेले दिसत होते, आणि बिलांवरून एका ट्रान्सपोर्टरशी हमरीतुमरी झाली. विचारलं तर उत्तर काय, "सगळ्यांना माहिती आहे." सगळे म्हणजे कोण?

टर्मिनलवाल्यांनाच झोडून मी थांबणार नाही, कारण आधी पाच वर्षं मी भिंतीच्या आतल्या बाजूला होते. परदेशातल्या एका टर्मिनलच्या ऑटोमेशनवर. तिथे कळलं की ज्यांच्यावर आम्ही चिडतो त्यांचेही हात बांधलेले असतात. वर टीओएस असतं, म्हणजे कुठला डबा कुठे ठेवायचा, कधी उचलायचा हे ठरवणारं मुख्य सॉफ्टवेअर. खाली क्रेन, डबा पायांमध्ये धरून नेणारे स्ट्रॅडल कॅरिअर, बिनड्रायव्हरच्या गाड्या. मधे त्यांना हलवणारी नियंत्रण सिस्टिम. प्रत्येक थर वेगळ्या कंपनीचा, आणि प्रत्येक जोडणीवर त्या कंपनीचं कुलूप. आम्हाला क्रेनकडून एक आकडा हवा होता, उचललेल्या डब्याचं वजन. लोडसेल ते मोजतो, क्रेनच्या कॅबिनमध्ये दिसतं. पण ते टीओएसला पाठवायचं म्हटल्यावर 'चेंज रिक्वेस्ट'. कोटेशन आलं, त्यात एक नवीन गाडी आली असती. एका आकड्यासाठी! तो आकडा त्यांच्या मशीनमध्ये आधीपासून होता, आमच्या पैशाने घेतलेल्या मशीनमध्ये.

आणि भाषा? एका कंपनीची क्रेन ट्विस्टलॉक, म्हणजे डब्याचा कोपरा पकडणारी फिरती कडी, सुटलं की 'मूव्ह' झाली म्हणते. दुसरीची स्प्रेडर, म्हणजे क्रेनची डबा धरणारी चौकट, वर आल्यावर म्हणते. एकाच धक्क्यावर उभ्या दोन क्रेन, एकच काम, दोन वेगळे आकडे. दर सोमवारी मी एक्सेलमध्ये बसून ते जुळवायचे. माझ्या तिशीतले किती सोमवार त्यात गेले याचा हिशोब केला तर रडू येतं. टीआयसी ४.० नावाची समिती नेमकं यावरच काम करते. बंदर चालवणारे आणि मशीन बनवणारे एकत्र बसून 'मूव्ह' म्हणजे काय, 'रिकामी' म्हणजे काय, हे शब्द पक्के करतायत. शिपिंग लाइन्सनी २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमला डीसीएसए नावाची संस्था काढली, तिची एपीआयची मानकं इंटरनेटवर फुकट पडलेली आहेत. कुणीही उचलावीत. म्हणजे काय करायचं हे माहीत नाही, अशी स्थितीच नाही. रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर १९९३ पासून बिनड्रायव्हरच्या गाड्या डबे वाहतायत. तीस वर्षं उलटली, आणि अजून दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायला लावायचं तर वकील लागतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती याची, की हा अख्खा धंदा उभा राहिला तो उघडेपणावर. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराचं 'आयडियल-एक्स' जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला ५८ डबे घेऊन गेलं. पुढची काही वर्षं प्रत्येक कंपनीचा डबा वेगळा. मॅकलीनच्या सी-लँडचा पस्तीस फुटी, मॅटसनचा चोवीस फुटी. एकाचा डबा दुसऱ्याच्या साच्यात बसेना. मग साठच्या दशकात मॅकलीनने आपल्या डब्याच्या कोपऱ्याची आणि ट्विस्टलॉकची पेटंटं मानक बनवायला मोकळी सोडली, रॉयल्टी न मागता. कीथ टँटलिंगर या त्याच्या इंजिनिअरने बनवलेली ती रचना. त्या वेळी त्याच्या हातात सगळ्यात मोठं शस्त्र होतं ते, आणि त्याने ते टेबलावर ठेवून दिलं. म्हणून आज दिंडोरीत भरलेला डबा मधे कुणाचीही क्रेन, कुणाचंही जहाज असलं तरी रॉटरडॅमला उतरतो. ओतीव पोलादाचे आठ कोपरे, त्यांना ठरावीक मापाची भोकं. मी ट्रेलरवर चढून त्या भोकात हात घालून बघितलाय. जगात कुठेही जा, तेच माप. आणि त्याच डब्याची माहिती द्यायची वेळ आली की प्रत्येकाचं भोक वेगळं, प्रत्येकाची चावी वेगळी, आणि चावीचं भाडं वेगळं.

सुरक्षेचं कारण तर मला कोणी सांगूच नका. "एपीआय उघडे केले तर हॅक होईल." २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क ही शिपिंग कंपनी कोलमडली, त्या समूहाची जगभरची कित्येक टर्मिनलं ठप्प झाली, त्यात आपल्या जेएनपीटीतलं, म्हणजे न्हावा शेवा बंदरातलं, एक टर्मिनलही होतं. तो कुठल्या एपीआयमधून आला होता? युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. उघडा इंटरफेस म्हणजे बिनकुलपाचं घर नव्हे. दार कुठे आहे, बेल कशी वाजवायची, कुणाला आत घेणार, हे सगळ्यांना सारखं माहीत असणं म्हणजे उघडा इंटरफेस. ओळख तपासा, मर्यादा घाला, नोंद ठेवा, आम्ही कुठे नाही म्हणतोय? आज एकच पासवर्ड दहा जणांत फिरतो, कारण पोर्टल दुसरं लॉगिन देत नाही. ही तुमची सुरक्षा.

बंदराजवळच्या करळ फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हरमामा क्यूआर कोड स्कॅन करून दहा रुपये देतात. टपरीवाल्याची बँक वेगळी, मामांची वेगळी, ॲप तिसऱ्याचं. पैसे क्षणात पोहोचतात, कारण सगळ्या बँकांना एकच भाषा बोलायला लावली. आपल्याच देशात लावली, २०१६ मध्ये. त्याच वर्षी जेएनपीटीला डब्यांवर आरएफआयडी टॅग लावायला सुरुवात झाली, आणि डबा कुठल्या गेटमधून कधी गेला हे बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा दिसलं. २०२२ मध्ये युलिप हे सरकारी मालवाहतूक माहितीचं व्यासपीठ आलं, गाडीच्या आरसीपासून फास्टॅगपर्यंत माहिती एपीआयने मिळायला लागली. या कामाचा मला मनापासून आनंद आहे. पण टर्मिनलच्या भिंतीपाशी ते येऊन थांबतं. डबा आत गेला एवढं कळतं, मग अंधार. मला हवी असते ती आतली गोष्ट. रीफर जोडला का? जहाज दुसऱ्या टर्मिनलवर हलवलं का? हलवलं तर फॉर्म तेरा पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा हाताने. हे आम्हाला कळतं कशावरून? व्हॉट्सॲप ग्रुपवरून. २०२४-२५ मध्ये ७३ लाखांच्या आसपास टीईयू (वीस फुटी डब्याच्या हिशेबाने) हाताळलेल्या बंदरात जहाज हलल्याची बातमी मला कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या फोटोवरून कळते.

आता डहाणूजवळ वाढवण हे नवं बंदर होतंय. ७६ हजार कोटींहून मोठं काम, नऊ कंटेनर टर्मिनलं, प्रत्येक हजार मीटर लांब. तिकडे केरळात विळिंजम बंदरात दूरनियंत्रित आणि स्वयंचलित क्रेन चालूही झाल्या. वाढवणलाही येतील. माझी एकच मागणी आहे, आणि ती मी मिळेल त्या प्रत्येक बैठकीत उभी राहून करणार आहे: निविदेतच लिहा. क्रेन, टीओएस, गेट, सगळ्यांचे इंटरफेस छापील असतील, फुकट वाचता येतील, उपलब्ध मानकांवर असतील, आणि बदलायचे तर तीन महिने आधी कळवावं लागेल. न पाळणाऱ्याला टर्मिनल नाही. डहाणूच्या समुद्रात भराव टाकण्याआधी हे लिहून घ्या. एकदा मशीन बसल्या की मग प्रत्येक आकड्याचं कोटेशन येतं, ते मी हातात धरून पाहिलंय.

सध्या रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पहाटे तीन रीफर निघणार आहेत, दोन पिंपळगावहून, एक दिंडोरीहून. पोरगा अजून ऑफिसात आहे. तो नंबर टाईप करतो, मी शेजारी बसून एकेक आकडा मोठ्याने वाचून दाखवते, मग तपासणीच्या आकड्याचं गणित माझ्या लॅपटॉपवर करते. दोन फॉर्म झाले. तिसऱ्याला पोर्टलने आत्ताच बाहेर फेकलंय, सेशन संपलं म्हणून. ओटीपीसाठी शेठना उठवायचं आहे.